एक किलो वजा

वजनकाटे दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, म्हणून सगळा बाजार त्याला काटेवाले म्हणायचा. दहा ग्रॅमचा फरक दिसला की या माणसाचं डोकं फिरायचं. "एवढं चालतं हो," असं एखादा दुकानदार म्हणालाच, तर हा खेकसायचा, "चालत नाही! खोटं बोलणारा काटा म्हणजे नुसतं भंगार." आणि असल्या माणसाच्या पेटीतून एक किलो पितळ गेलं होतं, आणि त्याला पत्ता नव्हता!

पत्ता लागला तो शुक्रवारी सकाळी नऊला. एक छोटा काटा तपासायचा होता म्हणून त्याने वजनांची पेटी पुढे ओढली. मोठी वजनं रोज लागायची, ती जागेवर होती. अर्ध्या किलोची जोडी खालच्या कप्प्यात असे, क्वचितच लागे, आणि तिच्या दोन्ही खाचा रिकाम्या होत्या. त्याने फळी बघितली, टेबलाखाली वाकून बघितलं, स्वतःच्या विसरभोळेपणाला दोन शिव्या घातल्या. मग एकदम त्याला आठवलं. त्याचा पोरगा गेल्या शुक्रवारी अर्धा किलो वाढला होता, आणि त्याच्या आदल्या शुक्रवारीही बरोबर अर्धाच.

पोरगा सतरा वर्षांचा. वर्षभरापूर्वी त्याने गोड सोडलं, मग रात्रीचं जेवण सोडलं, मग तो नेमकं खातो काय हे घरात कुणालाच सांगता येईना. पहाटे धावायला जायचा तो घामाने निथळत परत यायचा आणि दार लावून पुन्हा उठाबशा काढायचा. "ही असली थेरं मुलींची," काटेवाला बायकोला म्हणाला होता, "मुलगे भूक लागली की खातात." पोरगा वर्गात चक्कर येऊन पडला तेव्हा तोच काटेवाला त्याला घेऊन दवाखान्यात धावला. डॉक्टरबाईंनी सांगितलं, हा आजार आहे, मुलग्यांनाही होतो आणि यात जीव जातो. त्यांनी वजनाच्या तक्त्यावर एक लाल रेघ मारली आणि दर शुक्रवारी वजन करायला बोलावलं. वजन रेघेच्या वर राहिलं तर उपचार घरीच: तीन जेवणं, मधल्या वेळची तीन खाणी, आणि ताट रिकामं होईपर्यंत आई नाहीतर बाप समोर. रेघेच्या खाली गेलं तर त्याच दिवशी भरती.

काटेवाल्याच्या डोक्यात मात्र एकच भुंगा: चूक कुणाची? पोरगा लहानपणी गुबगुबीत होता. याने लाडाने त्याला 'ढब्बू' म्हटलं आणि पुढे बारा वर्षं चारचौघांत म्हणत राहिला.

"माझ्यामुळेच झालं ना हे?" त्याने डॉक्टरबाईंना विचारलं होतं.

"लागलं असेल त्याला," त्या म्हणाल्या. "पण चिडवलेली सगळीच मुलं काही उपाशी राहत नाहीत. कुणाच्या शरीराची ठेवण तशी असते, कुणाचा स्वभाव सगळं नेमकं करायचा असतो, त्यात कुणाचं बोलणं, कसली तरी भीती. आणि एकदा उपास अंगात भिनला की डोकंच माणसाला खाऊ देत नाही. गुन्हेगार नंतर शोधा, आधी आज त्याच्या पोटात काय गेलं ते सांगा."

मग तो काट्याला शरण गेला. दवाखान्यातला काटा त्याने स्वतः खोलून, साफ करून, तपासून दिला, तोही फुकट. त्यानंतर बायको म्हणाली, "अहो, मला तो आणखी वाळलेला दिसतोय," तर याने तिलाच झापलं. "डोळे फसतात गं! तो काटा माझ्या हातचा आहे."

आता तीच बायको कामावर, सकाळच्या पाळीला गेली होती आणि तो रिकाम्या खाचांकडे बघत उभा होता.

"बाबा, निघायचं ना?" पोरगा जिन्यावरून खाली आला. ढगळ सदरा, आत बनियन, त्याच्याही आत काय ते देव जाणे. काटेवाल्याने पेटी बंद केली. विचारावं म्हणून तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते, "छत्री घेतलीस का?"

"ऊन आहे बाहेर."

"हां, खरंच की."

बसमध्ये दोघं शेजारी बसले. महिन्यावर परीक्षा होती. कालच पोरगा म्हणाला होता, "बाबा, भरती केलं तर माझं वर्ष जाईल. मी तुमच्याशी जन्मात बोलणार नाही." आणि तो शब्दाचा पक्का, बापावरच गेलेला! गप्प राहिलो तर पोरगा आपला राहील, काटेवाला हिशेब करत होता, पण किती दिवस? बोललो तर तो जगेल, पण आपल्याकडे बघेल का? बस खड्ड्यातून गेली तशी पोराने कमरेवर पटकन हात दाबला. मग काटेवाल्याला शंका म्हणून उरली नाही. पोराच्या अंगावर चढलेलं मांस त्याच्याच पेटीतलं पितळ होतं.

'तोच सांगेल,' त्याने स्वतःची समजूत घातली. 'माझा पोरगा आहे, ऐनवेळी सांगेल.'

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. जिन्याच्या पहिल्या वळणावर पोरगा कठडा धरून थांबला आणि बुटाची नाडी बांधायला वाकल्यासारखं केलं. नाडी बांधलेलीच होती. त्याच्या श्वासाचा आवाज बापाला चार पायऱ्या वरून ऐकू येत होता.

आत डॉक्टरबाईंनी तक्ता उघडला. पोराने सदरा काढला, बनियन आणि अर्ध्या चड्डीवर तो काट्यावर चढला. लाजतो म्हणून बनियनही काढ असं त्याला कुणी कधी म्हटलं नव्हतं. आकडे पळाले, थांबले. लाल रेघेच्या किंचित वर.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे घरीच चालू ठेवू या."

पोराने खाली उतरायला पाय उचलला आणि बापाकडे बघितलं. एक शब्द न बोलता घरी जाता येत होतं. दार समोरच होतं.

"डॉक्टरबाई," तो म्हणाला, "यातून एक किलो वजा करा."

"बाबा!"

"कमरेला वजनं बांधलीत त्याने. माझ्या दुकानातली."

पोरगा असा ओरडला की बाहेरची नर्स धावत आली. "तुम्ही माझे वैरी आहात! सगळं घालवलंत माझं! चालते व्हा इथून!" त्याने बनियन वर करून कमरेच्या फडक्याची गाठ ओढली. दोन्ही पितळी वजनं फरशीवर आदळली. बनियनखालच्या फासळ्या मोजता आल्या असत्या. कितीतरी महिन्यांनी बापाने पोराचं उघडं अंग बघितलं आणि त्याला रडूच फुटलं.

डॉक्टरबाईंनी पोराचं मनगट धरलं. त्यांचा चेहरा बदलला. "नाडी फार मंद आहे. आज घरी पाठवत नाही. हृदयावर लक्ष ठेवायला हवं, आणि अन्न हळूहळू वाढवायचं, रोज रक्त तपासत. घाई केली तर तेही जिवावर उलटतं." मग त्या काटेवाल्याला म्हणाल्या, "आज बोललात ते बरं केलंत."

त्याने बाहेर येऊन बायकोला फोन लावला. "तुझे डोळे बरोबर होते," एवढंच बोलता आलं.

दुपारी वॉर्डमधल्या पलंगाशेजारी नर्सने अर्धा पेला दूध ठेवलं. पोरगा भिंतीकडे तोंड करून पडला होता. काटेवाला स्टुलावर बसून राहिला. समजूत घालायची नाही, सौदा करायचा नाही, उठायचं नाही, असं त्याला बजावलेलं होतं.

"रोज पेटी उघडता तुम्ही," पोरगा भिंतीशीच बोलला. "मला वाटलं, दुसऱ्या दिवशीच पकडाल."

काटेवाला पुढे वाकला. "पकडायला हवं होतं रे," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

"पकडलं तर मरेन असं वाटायचं. नाही पकडलं तेव्हाही तसंच वाटलं." पोरगा या कुशीवर वळला. डोळे सुजले होते. "आत कुणीतरी सारखं ओरडतं, बाबा. दुधाकडे बघितलं तरी ओरडतं. आता पण."

"ओरडू दे. मी आहे इथं."

पोराने दोन्ही हातांनी पेला उचलला. थोडं दूध चादरीवर सांडलं. एक घोट तोंडात गेला, आणि तो गिळताना त्याची चाललेली झटापट बघून काटेवाल्याने स्टुलाची कड घट्ट धरली. आजवर 'भूक लागली की खातात' म्हणणाऱ्या आपल्या तोंडात मारावीशी वाटली त्याला.

घोट खाली उतरला. पोराने पेला छातीशी धरला.

"संध्याकाळी मी नको म्हणेन," तो म्हणाला. "शिव्या देईन तुम्हाला, पाया पडेन, घरी न्या म्हणेन. बाबा, माझं ऐकू नका."