शर्वाणीवर राज्य

मंगळवारी सकाळी माझ्या मुलीवर राज्य आलं आणि दुपारपर्यंत आमच्या वन-बीएचकेत सतरा कपाटं उगवली. सतरा म्हणजे मी मोजली तेव्हाची. हॉलमध्ये सहा, बेडरूममध्ये आठ आणि तीन त्या पॅसेजमध्ये, जिथे एरवी झाडू उभा करायची मारामार. सगळी सागवानी, सगळ्यांना आतून कडी.

चूक माझी. आधीच सांगून टाकते, नाहीतर हेरंब सांगेल. हेरंब म्हणजे माझा नवरा. तो पॅसेजमधल्या दुसऱ्या कपाटात आहे. मी मुलांसाठी कादंबऱ्या लिहिते. यंदाच्या कादंबरीत एक मुलगी आहे आणि तिच्याकडे जादूचा लाकडी राजा आहे. मुलीला नाव शोधायचा कंटाळा आला म्हणून आमच्या शर्वाणीचंच ठेवलं. राजाही घरचाच घेतला: सावंतवाडीहून आणलेला, तांबड्या फेट्याचा, वीतभर उंच, फ्रीजवर धूळ खात उभा. दोनशे पानं दोघं रानावनात भटकतात, शेवटी राजा थकतो, आणि शेवटचं वाक्य असं: 'मग राजाने आपलं राज्य शर्वाणीला दिलं.' या वाक्यावर मी फार खूश होते. लिहून झाल्यावर स्वतःसाठी चहा केला होता.

मंगळवारी शाळेची तयारी करता करता शर्वाणीने ते पान वाचलं. छापखान्यातून तपासायला आलेले कागद डायनिंग टेबलावर पडले होते. ती सात वर्षांची आहे.

"आई, म्हणजे माझ्यावर राज्य?"

माझी पोळी तव्यावर होती. "हो गं बाई, तुझ्यावरच. डोकं नको खाऊस, मोजे घाल."

ती फ्रीजशेजारच्या भिंतीपाशी गेली, उजवा हात भिंतीला लावला, कोपरात तोंड खुपसलं, डोळे मिटले आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन.

"राज्य आलंय होय?" म्हणत हेरंब अर्ध्या दाढीनिशी बाहेर आला.

"अरे, ऑफिस?"

"आधी लपायला नको का?"

पॅसेजमध्ये तेवढ्यात पहिली तीन कपाटं वर आली होती. त्याने दोन उघडून पाहिली, मधलं पसंत केलं आणि कडी लावून घेतली. मागोमाग समोरचे सातपुते काका आले. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेले, पण चपला दाराबाहेर काढून टुणकन आत शिरले. मग दूधवाला. मग शर्वाणीच्या वर्गशिक्षिका, हजेरीपट घेऊन. मी दारात उभी राहून प्रत्येकाला विचारत होते, "अहो, तुम्ही कशाला?" सगळे तोंडावर बोट ठेवून पुढे जात होते. कपाटं कमी पडली की जमिनीतून नवं वर यायचं.

मी शर्वाणीला ओढायला गेले. दंडाला धरलं तर दंड लाकडाचा लागला. बोटांपासून खांद्यापर्यंत गुळगुळीत, पिवळा, त्यावर शाळेच्या बाहीचा पांढरा पट्टा रंगवलेला. मला भीती वाटली, तरी मी ओढतच राहिले.

"ओढू नका, बाई. रंग उडेल," फ्रीजवरून राजा म्हणाला.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही तिला राज्य दिलंत."

"ते राज्य वेगळं. सिंहासनाचं. मुकुटाचं."

"तिला एकच राज्य माहीत आहे." तो आपली नखं बघत होता. सकाळी त्याला नखं नव्हती. "शंभर झाले की पक्कं. मग ती माझ्या जागी इथे वर, आणि मी तिच्या जागी खाली."

"आणि ती परत कधी?"

"कोणी मला विचारलं होतं?"

त्या वेळी मला माझ्या मुलीच्या गणिताने तारलं. शर्वाणीला अडुसष्टच्या पुढे जाता येत नाही. अडुसष्ट झाले की ती एकोणसत्तर म्हणायच्या ऐवजी एकोणसाठ म्हणते, मग साठ, एकसष्ट, आणि पुन्हा तोच फेरा. वर्षभर मी त्यावरून आकांडतांडव केलं आहे. एकदा धपाटाही घातला आहे. आता मी तिच्या मागे उभी राहून ऐकत होते. "सदुसष्ट, अडुसष्ट, एकोणसाठ." साठ सहाव्यांदा आले तेव्हा मला आनंदाने रडू फुटलं. लाकूड खांद्याशी थांबलं होतं. चुकत राहा गं माझे राणी, मी मनात म्हटलं.

मी प्रकाशक निंबकरांना फोन लावला. रिंग बेडरूममधल्या कपाटात वाजली.

"निंबकर, शेवटचं वाक्य बदलायचंय. राज्य काढा, सिंहासन घाला."

"हळू बोला हो, ती ऐकेल," निंबकर कुजबुजले. "आणि पुस्तक छापून झालं. वाचकही आलेत. माझ्याच कपाटात चार आहेत, श्वास घेता येत नाही."

कपाटं आता उगवायची थांबली होती, पण सरकत होती. हॉलची बोळ झाली. डायनिंग टेबल कुठे गेलं ते कळलं नाही. मी अंग तिरकं करून स्वयंपाकघराकडे सरकले तर राजा फ्रीजवरून उतरून ओट्याशी उभा. माझ्या कमरेएवढा झाला होता. फेट्याखालून केस आले होते.

"काकू, भूक लागलीय."

काय करणार? भुकेल्या पोराला नाही म्हणवत नाही. सकाळची करपलेली पोळी गूळ लावून दिली. त्याने ती भुकेने खाल्ली आणि पुढचा दात हलतोय म्हणून मला दाखवला. मी तोंड फिरवलं. मला त्याचा राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, याचाच मला राग आला.

तेवढ्यात मला सुचलं. कच्चं लिंबू! खेळात जे सगळ्यांत लहान ते कच्चं लिंबू. त्याने नुसतं सगळ्यांबरोबर पळायचं. त्याच्यावर कधीच राज्य येत नाही. मागच्या मे महिन्यात बिल्डिंगमधल्या पोरांनी शर्वाणीला लिंबू केलं होतं. ती रडत वर आली, तशी मी गाऊनवरच खाली गेले आणि सगळ्यांना झापलं: माझी मुलगी लिंबूबिंबू काही नाही, तिच्यावरही राज्य आलंच पाहिजे! चार मजल्यांवरच्या बायका बाल्कनीत आल्या होत्या. शर्वाणी माझा हात धरून ताठ उभी होती.

मी तिच्या कानाशी वाकले. "शरू, तू कच्चं लिंबू आहेस. लिंबावर राज्य नसतं. उघड डोळे."

मोजणं सदुसष्टवर थांबलं. कपाटांमधलं खोकणं थांबलं.

"मी नाहीये," ती भिंतीत म्हणाली.

"आहेस, बाळा."

"तूच सगळ्यांना सांगितलंस, मी नाहीये."

"चुकलं माझं. तू अजून लहान आहेस."

तिची मान लाल झाली. मान अजून कातडीची होती. तिने तोंड कोपरात आणखी खुपसलं. मग म्हणाली, "अडुसष्ट." मग थांबली. मग एकेक अक्षर तोडून म्हणाली, "ए-को-ण-सत्तर."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पॅसेजमधल्या दुसऱ्या कपाटातून टाळ्या ऐकू आल्या. "शाब्बास, शरू!" हेरंब ओरडला. वर्षभर त्यानेही तिला ते शिकवलं होतं.

"सत्तर, एकाहत्तर, बाहत्तर." आता तिला कोण अडवणार? लाकूड मानेवर चढलं. वेणीच्या जागी काळा रंग आला, त्यावर रिबिनीचे दोन फटकारे.

"शंभर म्हटल्यावर तिला कोणी सापडलं तर?" मी राजाला विचारलं.

"तर त्याच्यावर राज्य. पण तो लपलेला हवा. नुसतं समोर उभं राहिलेलं धरत नाहीत."

मी कपाटं बडवायला लागले. "अरे, कोणीतरी सापडा रे! हेरंब, बाहेर ये, लेकीला सापड!"

"कडी लाकडात मुरलीय गं," हेरंब आतून म्हणाला. तो रडत होता. "मी मघापासून शोधतोय."

एकोणऐंशी तिने न अडखळता म्हटलं. कपाटं माझ्या दोन्ही खांद्यांना लागली होती. आता माझ्यासाठी नवं कपाट उगवायलाही जागा नव्हती.

"आई, तू कुठे लपणार?" राजाने विचारलं.

"आई कोणाला म्हणतोस रे?"

त्याच्या गालावर गूळ लागला होता.

नव्वदच्या पुढे गेल्यावर मला ती जागा दिसली. शर्वाणी आणि भिंत यांच्यामध्ये, तिच्या हाताच्या कमानीखाली, वीतभर फट होती. मी गुडघ्यांवर बसले, पोट आत ओढलं आणि आत शिरले. पाठीला गार भिंत लागली. हळूहळू उभी राहिले. तिचं कपाळ माझ्या पोटावर टेकलं. ते कडक होतं आणि त्याला नव्या व्हार्निशचा वास येत होता. मी श्वास रोखून धरला.

"अठ्ठ्याण्णव."

"आई, बाहेर ये ना," राजा म्हणत होता. "तिथे तू मावत नाहीस."

"नव्व्याण्णव."

कपाटांमध्ये सगळे एकदम आवरून बसल्याचा आवाज झाला.

"शंभर," ती माझ्या पोटात म्हणाली. तिचा डावा हात वर आला आणि माझ्या गाऊनवर चाचपडू लागला. तिने डोळे उघडले होते की तिथे आता रंगवलेले डोळे होते, ते मला वरून दिसत नव्हतं.