न सापडणारा सांधा

धाकट्या बहिणीचा फोन आला तेव्हा मी एका आजोबांच्या कवळीशी झटापट करत होते. "ताई, चिकटवायला काय वापरू?" ना कशी आहेस, ना काय करतेस.

"काय चिकटवायला?"

"अ‍ॅक्रिलिकची टाकी गळतेय. तूच ये ना. माझा हात मोकळा नाही."

टिल्ली मत्स्यालयात जेलीफिश सांभाळते आणि मी कवळ्या बनवते. जगात काहीही तुटलं की तिला मीच आठवते. चरफडत मी कामाची पिशवी उचलली आणि निघाले.

मागच्या खोलीत ती स्टुलावर बसली होती. बाही खांद्यापर्यंत वर, कोपरापर्यंत हात एका मोठ्या टबात, आणि तो हात संथपणे गोल फिरत होता. टबात मला काहीच दिसेना. मग खिडकीतल्या उजेडात पाणी जरा हललं आणि त्यातून नितळ छत्र्या दिसू लागल्या. मिटत होत्या, उघडत होत्या. पिशवी खाली ठेवायची विसरून मी वाकून बघत राहिले. माझ्या बाबतीत ही छोटी गोष्ट नाही.

"यांना नीट पोहता येत नाही गं," टिल्ली म्हणाली. "प्रवाह नेईल तिकडे जातात. पाणी थांबलं की तळाशी बसतात आणि फाटतात. टाकी गोल असते ती त्यासाठीच. सकाळपासून प्रवाह म्हणजे मी."

"दुसऱ्या कुणाला सांग की!"

"सांगितलं होतं. त्याने चहात साखर ढवळावी तसं ढवळलं. दोन गेल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या होत्या तेव्हापासून वाढवल्यात, ताई. संध्याकाळनंतर माझा हात नाही टिकायचा."

रिकामी केलेली टाकी म्हणजे आडवा ठेवलेला ढोलच. खाली गोल भिंत आणि सपाट बाजू जुळतात तिथला सांधा उघडला होता. टिल्लीने त्यावर सिलिकॉन भरलं होतं. मी नखाने टोक उचललं, तर दुधावरच्या सायीसारखं अख्खं निघून आलं.

"हे काचेला धरतं, याला नाही," मी म्हटलं. "हे कुणी सांगितलं तुला?"

"ओरडू नकोस, हात हलतो. ते झटपट चिकटवणारं?"

"पांढरं पडतं, कडक होतं, कड बोचरी राहते."

"मग ती पातळ द्रावणाची बाटली? ती दोन्ही तुकडे विरघळवून एकजीव करते म्हणे."

"करते, पण तुकडे एकमेकांना घट्ट टेकलेले असले तर. इथे माझं नख आत जातंय. पाण्यासारखी वाहून जाईल." मी बाटलीचं झाकण उघडून उगाच हुंगलं आणि पुन्हा चरफडायच्या बेतात होते, तेवढ्यात टाकीच्या कडेवरून हात फिरला. ही भिंत म्हणजे तरी काय? मी रोज पावडर आणि लिक्विड कालवून जे बनवते, तेच अ‍ॅक्रिलिक! माणसं ज्याने जेवतात, त्याच्याच घरात या छत्र्या राहत होत्या. इतकी वर्षं मला हे सुचलं नव्हतं, याचा मला रागच आला.

"टिल्ले, माझ्याच मालाने भरते."

"गुलाबी? हिरडीसारखी?"

"बिनरंगी पण असतो, अक्कल पाजळू नकोस."

"पण गुळगुळीत हवं हं. अगदी."

"जिभेला केस सापडतो बाई, तिथे माझं काम चालतं."

"यांना जिभेपेक्षा जास्त सापडतं," ती म्हणाली.

मग मी सांधा सुकवला, कालवलेला माल भरला, कडक होऊ दिला. घासला. आणखी बारीक घासला. डोळे मिटून बोट फिरवलं, जिथे अडलं तिथे पुन्हा घासला आणि शेवटी पॉलिश केलं. मग उग्र वास निघून जावा म्हणून टाकीत कोमट पाणी भरलं, ओतलं, परत भरलं. कवळीला करतो तसंच.

तोवर टिल्लीचा चेहरा उतरला होता. "ताई, जरा वेळ तू हात घालतेस?"

मी? दोन गेल्या, हे डोक्यातून जाईना. तरी हात घातला. तिने माझं मनगट धरून वेग शिकवला आणि सोडलं. एक छत्री माझ्या तळव्यावरून गेली. दिसली, पण लागली नाही. हातात काही नव्हतं आणि जे नव्हतं ते जिवंत होतं. माझे डोळे भरून आले, आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा टाकीत समुद्राचं पाणी चढवलं आणि प्रवाहाचा पंप सुरू केला. बाहेरून सांध्यावर कागद दाबून पाहिला. कोरडा. टिल्लीने एकेक छत्री वाडग्यात घेऊन पाण्याखालीच सोडली. पहिली प्रवाहाबरोबर गोल फिरत खाली आली. तिची झालर सांध्यावरून घासत गेली. ती थांबली नाही. मी वाकून सांधा शोधायला लागले आणि मलाच सापडेना.

"टिल्ले, बघ!"

टिल्ली बघतच होती. तिचा उजवा हात मात्र मांडीवर तसाच गोल फिरत होता.

"अगं, हात."

तिने खाली पाहिलं. "थांबतच नाहीये," ती म्हणाली आणि हसता हसता रडायला लागली.

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत धरला. गार होता, पाण्याने सुरकुतला होता. माझ्या हातांतही तो थोडा वेळ फिरत राहिला आणि मग हळूहळू थांबला. टाकीत त्या सगळ्या फिरत होत्या.