उलट्या पावलांची सव्वीस वर्षं

सव्वीस वर्षं मी या बेटावरच्या जुन्या गावात पाहुण्यांना पायी फिरवतोय, तेही उलटा चालत. तोंड पाहुण्यांकडे, पाठ गावाकडे. धक्क्यापासून किल्ल्यापर्यंत उलटा जातो, तिथे पाहुण्यांना सोडतो आणि एकटा सरळ परत येतो. बायको म्हणते, भुताशी लग्न केलं असतं तरी पावलं अशीच दिसली असती.

त्या दिवशी परवान्याची परीक्षा होती. नापास झालो तर उद्यापासून घरी. परीक्षक फॉर्म घेऊन धक्क्यावर उतरले आणि म्हणाले, "आता उलटं चालायचं नाही. नवा नियम आहे. तुमच्यातलाच एक मागे मागे जात हौदात पडला."

"मी कधी पडलो नाही, साहेब."

"सरळ चला."

पहिल्याच वळणावर अडलो. जाताना काय आणि येताना काय, माझं तोंड कायम धक्क्याकडे. या बाजूने मी गाव कधी बघितलंच नव्हतं. उजवीकडचं सगळं डावीकडे गेलं होतं. तरी रेटून नेलं. एका दारासमोर थांबून म्हणालो, "इथे सुभेदाराचा दरबार भरायचा."

आतून एक बाई बादली घेऊन बाहेर आली. "हे आमचं न्हाणीघर आहे," ती म्हणाली.

परीक्षकांनी फॉर्मवर काहीतरी लिहिलं. मासळीबाजार तिसऱ्यांदा लागला तेव्हा मात्र मी हात टेकले. रडूच यायचं बाकी होतं. मागे वळून म्हणालो, "साहेब, मला हे गाव ओळखू येत नाही."

आणि त्यांच्या खांद्यावरून घड्याळाचा मनोरा दिसला. त्याच्या डावीकडे जकातघर, उजवीकडे लोहाराची गल्ली. सगळं जागच्या जागी. माझी पावलं आपोआप मागे पडू लागली आणि तोंड सुरू झालं. सुभेदार, त्याची भांडखोर बहीण, तिने समुद्रात फेकलेल्या किल्ल्या.

"अहो, नियम!" परीक्षक ओरडले. पण बहिणीचं पुढे काय झालं ते त्यांनाही ऐकायचं होतं. दोन्ही हात पुढे करून ते माझ्यामागे, म्हणजे माझ्यासमोर, येऊ लागले. "पायरी आहे. कुत्रं झोपलंय. डावीकडे घ्या, हौद आहे. हं, मग ती काय म्हणाली?"

किल्ल्याच्या दारात आम्ही दोघेही घामाघूम होतो. त्यांनी फॉर्म गुडघ्यावर ठेवला, बराच वेळ विचार केला आणि सही केली.

"सरळ चालायचा नियम आहे," ते म्हणाले. "दोघांतला एक तरी सरळ चालत होता."