शेडमधली बदली

डब्यावरच्या चिठ्ठीचा एक कोपरा सुटला होता. चौकोनी कागद, त्यावर निळ्या शाईत, एकही अक्षर दुसऱ्याला न टेकवता लिहिलेलं : ‘डावं दार – वरची बिजागरी – आटे तपासणे.’ आत तीन बोल्ट आणि एक वायसर, तेलात बुडवून ठेवलेले. तिने नखाने कोपरा दाबून बसवला; तो पुन्हा वर आला... चार वर्षांत तिच्या नवऱ्याने असे किती डबे भरले होते – बामाचे, बुटपॉलिशचे, तिच्या बटणांचेसुद्धा, आणि बटणांचा डबा न विचारता नेला तेव्हा ती दोन दिवस बोलली नव्हती – आणि आता मुलं एकेक डबा इतक्या हळुवार हाताने उघडायची, की बघणाऱ्याला वाटावं, झाकण जोरात निघालं तर आतलं कुणीतरी जागं होईल.

“आई, झालं का गं शिवून?” परसातल्या शेडमधून धाकट्याने हाक मारली.

“काठ राहिलाय,” ती म्हणाली आणि डबा बाजूला सारून मशीनवर वाकली.

रेक्झिन जाड होतं. आयुष्यभर तिने शाळेचे गणवेश शिवले, सुती, सरळ, ऐकणारं कापड; हे रेक्झिन मात्र सुईला अडवत होतं, टाक्यामागे कुरकुरत होतं. सीट बाहेरून शिवून आणू, असं थोरली दोनदा म्हणाली होती. नको, मी शिवते. का ते तिने सांगितलं नाही आणि थोरलीनेही विचारलं नाही. जुनं कव्हर धाकट्यानेच उसवून कुठेतरी नेऊन टाकलं होतं, तिच्या नजरेला पडू नये म्हणून. त्याला वाटलं, तिला कळलं नाही.

आठ महिन्यांपूर्वी शेड आवरायला म्हणून दोघं आत गेली आणि ते डबे बघून धाकटा तिथेच जमिनीवर बसून रडला. मग ठरलं – बाबांची गाडी आपण पूर्ण करायची. दर रविवारी. थोरली नकाशे काढायचं काम करायची, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती सकाळी आठलाच जुनी पँट घालून हजर. धाकटा छापखान्यात रंगांमध्ये असायचा, त्यामुळे गाडीचा रंग हा आपलाच प्रांत, असं तो धरून चालला होता. त्याला पिस्ता हवा होता, मागच्या हौद्यात पॉलिश केलेल्या लाकडी पट्ट्या हव्या होत्या, रुंद टायर हवे होते. थोरलीला गाडी जशी होती तशीच हवी होती, गोल बॉनेट, करडा रंग. “ताई, तू गाडी दुरुस्त करत नाहीयेस, तू तिचा दाखला काढतेयस.” “आणि तू तिचं लग्न लावतोयस.” दोघं लहानपणीसारखी भांडायची, आणि भांडण मिटवायला एकच वाक्य पुरायचं – बाबांना काय आवडलं असतं?

बाबांचं स्वप्न होतं ना ते.

हे वाक्य आलं की ती उठून काहीतरी आणायला आत जायची.

कारण स्वप्न वगैरे काही नव्हतं. एकतीस वर्षं ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात होते. मोठाले पंप, रात्रंदिवस धडधड, आणि त्या धडधडीवर आवाज चढवून बोलायची सवय... घरात मीठ मागायचं तरी तीन पंपांपलीकडच्या माणसाला हाक मारल्यासारखं. नोकरी होती तोवर ते चाललं. पाळीवरून यायचे, झोपायचे, पुन्हा जायचे. मुलं म्हणायची, बाबा घरात आले की भिंतींनाही कळतं. निवृत्त झाले आणि सकाळी सहापासून झोपेपर्यंत तो आवाज घरात राहायला आला. हे कशाचं कापड आहे, तो नळ का गळतोय, अगं ऐकलंस का, इकडे बघ, हे बघ. स्वयंपाकघरातले डबे त्यांनी उंचीप्रमाणे लावले. तिच्या मशीनला न विचारता तेल घातलं आणि पांढऱ्या शर्टावर डाग पडला. चांगलंच वागत होते, हेच तर... कुणाकडे तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं.

त्या बुधवारी बाही उलटी बसली होती. तोंडात टाचण्या. नेलकटर कुठे आहे, हे त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. टाचण्या काढून, मान न वळवता ती म्हणाली – काय म्हणाले होते मी? शब्द अजून तसेच्या तसे आहेत, एकही पुसला गेला नाही – तुम्ही घरात असलात ना, की मला माझाच आवाज ऐकू येत नाही. कुठेतरी जा हो. रोज जा.

“बरं,” ते म्हणाले.

इतक्या हळू की पहिल्यांदा तिला वाटलं, दुसरंच कुणीतरी बोललं.

दहाव्या दिवशी एका बंद पडलेल्या वखारीतून ती पिकअप ओढून आणली गेली. चाकं बसलेली, केबिनच्या जमिनीला एवढाली भोकं, हौद्यात गवत उगवलेलं. ते शेडमध्ये जाऊ लागले. सकाळी नाश्ता झाला की जायचे, एकला जेवायला यायचे, पुन्हा जायचे. घरात बोलायचे ते हळू. शेजारचे म्हणाले, वय झालं की माणूस निवतो. तिला बरं वाटलं होतं, हे खोटं कशाला सांगा... पहिले काही महिने तिला फार बरं वाटलं होतं. मशीनचा आवाज, घड्याळाचा आवाज, आपला आपल्याला. मग कधीतरी ते बरं वाटणं संपलं, पण ते संपलंय हे सांगायला शेडपर्यंत जावं लागलं असतं, आणि रोज वाटायचं, उद्या.

काठ संपला. तिने दोरा तोडला, कव्हर हातावर घेतलं आणि परसात आली.

वेल्डर आला होता. गेली चार वर्षं ह्या गाडीचं पत्र्याचं काम त्याच्याचकडे. उंच, वाकलेला, नेहमी चष्मा कपाळावर ठेवून शोधणारा माणूस. केबिनच्या जमिनीचा शेवटचा तुकडा त्याने जोडला होता आणि आता बॉनेट उघडून तिघं आत डोकावत होती.

“चालू होईल का पण आज?” धाकट्याने विचारलं.

“इंजिनची काळजीच नको. ते दादांनी दोन वर्षांपूर्वीच चालू केलेलं.”

“काय?”

“मी होतो ना इथे. दहाएक मिनिटं चालवलं. काय मऊ चालत होतं. मग बंद केलं आणि कार्ब्युरेटर उतरवून डब्यात ठेवला. मी म्हटलं, दादा, आता राहिलं काय? म्हणाले, अजून बरंच आहे.” वेल्डरने खाली बोट दाखवलं. “हा तुकडासुद्धा आपण एकदा लावून दिला होता. त्यांनीच परत कापून काढला. नीट बसला नाही म्हणे. चांगला बसला होता.”

धाकट्याच्या हातात पाना होता. तो त्याने उगाच दुसऱ्या हातात घेतला. “म्हणजे गाडी होत आली होती? मग आम्हाला का नाही सांगितलं? ...आई, तुला माहीत होतं?”

तिने इंजिन ऐकलं होतं. भांडी घासत होती. एकाएकी परसातून ती घरघर आली आणि तिचे हात थांबले, आता येतील, तिला वाटलं, आता मोठ्याने ओरडत येतील – अगं ऐकलंस का – आणि तिने नळसुद्धा बंद केला, येताना ऐकू यावं म्हणून. घरघर थांबली. कुणी आलं नाही. जेवताना ते म्हणाले, आमटी छान झालीय. तीही काही बोलली नाही.

“ऐकलं होतं,” ती म्हणाली.

“मग?”

गाडी पूर्ण झाली असती तर ते कुठे गेले असते? हे असं सरळ विचारता आलं असतं. त्याऐवजी ती म्हणाली, “मीच त्यांना म्हणाले होते, घरात बसू नका, कुठेतरी जा. म्हणून त्यांनी ही गाडी आणली. त्यांना गाडीबिडी काही नको होती.”

वेल्डर चष्मा डोळ्यांवर घेऊन वायर शोधायला हौद्याच्या मागे गेला.

“अगं आई, असं काय,” धाकटा लगेच म्हणाला. “असं सगळेच म्हणतात. निवृत्त झालेल्या माणसाला कोण नाही म्हणत? तू हे मनाला लावून...” तो बोलत राहिला. तो चांगलं बोलत होता आणि त्यातला एकही शब्द तिला नको होता. आठ महिने जे छातीशी धरून ठेवलं, ते त्याने हातातसुद्धा न घेता बाजूला ठेवून दिलं होतं.

थोरली चिंध्यांनी बोटं पुसत होती. एकेक बोट, पेरापेराने.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय माहीत होतं?”

“हेच. गाडी आली त्याच आठवड्यात बाबांचा फोन आला होता. म्हणाले, तुझ्या आईने माझी बदली केलीय. शेडमध्ये.”

तिला कव्हर जड लागायला लागलं. “हसत होते का गं?”

थोरलीने हातातल्या चिंधीची घडी घातली. “मला वाटलं, हसताहेत. फोनवर होते ना... मी हसले, एवढं आठवतंय.” मग खाली बघून, “इतकी वर्षं तेच आठवतंय.”

धाकटा एकदा आईकडे, एकदा बहिणीकडे बघत राहिला. आपल्याला कुणीच काही सांगितलं नाही, ही लहानपणची तक्रार त्याच्या चेहऱ्यावर आली आणि गेली. मग त्याने आईच्या हातातलं कव्हर घेतलं. दोघांनी मिळून ते सीटवर चढवलं, कोपरे ओढले, खालून तारा वळवल्या. कव्हर नीट बसलं, कुठे चुणी नाही.

“वहिनी, आधी तुम्ही बसा,” वेल्डर म्हणाला.

थोरली काहीतरी म्हणायला गेली, पण तोवर आई पायरीवर पाय ठेवून आत चढली होती. स्टेअरिंगच्या मागे. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. त्या दिवशी तिने चारला चहा केला. मागच्या पायरीवर उभं राहून हाक मारली, चहा झालाय. पुन्हा मारली. उत्तर नाही म्हणून रागावली, आपला चहा एकटीनेच प्यायली, त्यांचा सांडून टाकला, आणि साडेपाचला शेडमध्ये आली तेव्हा ते इथे बसलेले होते, मान जराशी खिडकीकडे... डॉक्टर म्हणाले, दोन तास झाले असावेत. एक तासही असेल. नक्की सांगता येत नाही.

धाकट्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन सुरू झालं. खालची जमीन थरथरली, ती थरथर तिच्या टाचांतून वर आली. वेल्डरने दोन्ही हात वर केले. थोरली तोंडावर हात घेऊन उभी होती.

तिने समोर पाहिलं.

शेडचे दोन्ही दरवाजे उघडे होते आणि काचेतून घर दिसत होतं. घराची मागची बाजू तिने अशी समोरून कधी पाहिलीच नव्हती. भिंतीवरचा ओलीचा नकाशा, वाळत घातलेले दोन टॉवेल, दार, दाराची झिजलेली पायरी. किती जवळ होतं हे सगळं. वीस पावलंसुद्धा नाहीत. पायरीवरून पाहिलं तर शेडच्या आत नुसता काळोख दिसायचा, डोळ्यांवर उजेड यायचा, आणि ती धरून चालली होती की इथूनही तसंच, काही दिसत नसणार. इथून तर दाराच्या चौकटीतला वाकलेला खिळासुद्धा दिसत होता. म्हणजे ती कपाळावर हात धरून उभी राहायची, हाक मारायची, पदर खोचून वळायची, ते सगळं रोज इथून दिसत होतं. त्या दिवशीही. पहिल्या हाकेला कदाचित... दुसऱ्या हाकेला...

नाही, तिकडे नको. पण मन तिकडे गेलंच नाही. ते भलतीकडेच वळलं, तिला न विचारता. चार वर्षं. चार वर्षं तुम्ही इथे बसून माझ्याकडे बघत होतात आणि वीस पावलं चालून आला नाहीत? एकदाही? अहो, मी बोलले असेन, तोंडात टाचण्या होत्या, बाही उलटी बसली होती, बोलून गेले. तुम्ही तो कागदावरचा हुकूम समजलात. सही-शिक्क्याचा. लावलेला पत्रा कापून काढलात, चालू इंजिन बंद केलंत, आणि दारात येऊन ‘आता बास झालं’ एवढं म्हणायला जीभ रेटली नाही? एकतीस वर्षं पंपांच्या धडधडीत ओरडणाऱ्या माणसाची? भांडायचं होतं. डबे फेकायचे होते. मी काय तुम्हाला हाकलून दिलं असतं?

कान तापले होते. आठ महिने ती आपण काय बोललो तेवढंच उगाळत होती; ते काय बोलले नाहीत, हे तिला आज पहिल्यांदाच दिसत होतं, आणि ते इतकं मोठं होतं की तिला त्याची भीती वाटली. गेलेल्या माणसावर असं चिडू नये. पण ते गेलेल्यासारखे वाटत नव्हते. ह्या क्षणी तर मुळीच नाही.

“आई!” धाकटा खिडकीशी वाकून मोठ्याने म्हणाला. “बंद करू का? आवाजाचा त्रास होतोय का?”

तिने मान हलवली, नको म्हणून. तिचे डोळे वाहत होते आणि त्याने त्याचा दुसराच अर्थ घेतला; त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मायेने दाबला. तिने तो ठेवू दिला. समोरचं दार उघडं होतं, पायरी रिकामी होती. भांडण चार वर्षांचं साठलं होतं, आणि सुरुवात कुठून करायची ते ती शोधत राहिली.