गाडीएवढा जुना रस्ता

नोटीस ही शेजाऱ्यानं वाचायची गोष्ट आहे, असा आपणा सर्वांचा समज असतो. त्यामुळे सोमवारी गल्लीतल्या फाटकांवर कागद लागले, ‘पावसाळ्याआधी गटारं साफ करून डांबर टाकायचं आहे, बुधवारी आठच्या आत गाड्या हलवाव्यात’, तेव्हा प्रत्येकानं शेजारच्या फाटकावरचा कागद वाचला आणि शेजाऱ्याला कसं जमणार म्हणून हळहळला.

गल्लीतल्या एका निवृत्त ग्रंथपालांनी तर तोही वाचला नाही. त्यांच्या घरासमोर एक पांढरी गाडी अकरा वर्षं झाकून उभी होती. थोरल्या भावाची. भाऊ गेला, गाडी राहिली. लोक पत्ता सांगताना ‘झाकलेल्या गाडीसमोर’ म्हणत. मतदारयादीचं काम करणारा एक नवखा माणूस तिच्या काचेवर टकटक करून बराच वेळ थांबलाही होता.

अकरा वर्षांत गल्लीत तीनदा डांबर पडलं, तिन्ही वेळा गाडीच्या कडेकडेनं. रस्ता वीतभर वर आला, गाडी होती तिथेच राहिली. लांबून पाहणाऱ्याला ती रस्त्यातून उगवतेय की बुडतेय, कळत नसे.

खालच्या खोलीत ग्रंथपालांच्या वहिनी शिवणकाम करत. दर पावसाळ्यात त्या खोलीत पाणी शिरे. पहिल्या वर्षी शिलाई मशीन एका विटेवर गेलं, मग दोन, मग तीन. मशीन वर गेल्यावर खुर्चीही वर गेली. माप द्यायला येणाऱ्या बायकांना कोर्टात उभं राहिल्यासारखं वाटे.

मंगळवारी संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, यंदा पाणी आलं तर मी बहिणीकडे जाते. कायमची. गुडघे आता पाण्यात उभे राहत नाहीत.”

दोरा संपला सांगावं, तशा सुरात सांगितलं. कॉटखालची बॅग मात्र पुसून बाहेर ठेवलेली होती. ग्रंथपालांनी ती पाहिली. त्या घरात त्या दोघांशिवाय कोणी नव्हतं.

बुधवारी आठला रस्तेखात्याची टोळी आली. मुकादम एक बाई होत्या, हातात गल्लीचा नकाशा.

“काका, गाडी कोणाची?”

“माझ्या भावाची.”

“बोलवा त्यांना.”

“अकरा वर्षं झाली त्याला जाऊन.”

मुकादमबाईंनी नकाशा खाली केला. “बरं. मग त्यांच्या वतीनं तुम्हीच बोला.”

“बाजूनं करा की. दर वेळी बाजूनंच करता.”

“म्हणून तर दरवर्षी पाणी तुंबतं. या गल्लीत गटाराची चार झाकणं आहेत. तीन सापडतात. चौथ्यापुढे आमचे लोक ‘सापडत नाही’ लिहून जातात. नकाशा म्हणतो, ते हिच्या पोटाखाली आहे.”

“ती हलणार नाही. आठवण आहे ती.”

“काका, नोकरी कुठे केलीत?”

“ग्रंथालयात. अठ्ठावीस वर्षं.”

“कपाटं झाडताना पुस्तकं काढायचात, की कडेकडेनं फडकं मारायचात?”

“काढूनच. एक शिपाई होता, पुस्तकं न उचलता पुसायचा. त्याला मी तीन दिवस...” ग्रंथपाल थांबले.

“का हो? काय बिघडायचं?”

“वाळवी लागते,” ते हळूच म्हणाले. “न हललेल्या पुस्तकामागेच लागते.”

ग्रंथपालांनी खालच्या खिडकीकडे पाहिलं. वहिनी तीन विटांवरून सगळं ऐकत होत्या.

“तुमच्यासाठी ठेवली होती, वहिनी. वाटलं, काढली तर तुम्हाला लागेल.”

“आणि मी तुमच्यासाठी गप्प बसले. दर रविवारी तुम्ही तिचं कव्हर झटकता, तेव्हा तुमचा चेहरा बघवत नाही. म्हटलं, माणसाचा भाऊ गेलाय, राहू दे उभी.” वहिनींनी हातातली कात्री खाली ठेवली. “त्या दिवशी यांच्या छातीत कळ येत होती, म्हणून मिळेल तिथे लावली. आत येऊन पहिलं तेच बोलले. ‘रस्त्यात आली आहे, सकाळी बाजूला घेतो.’”

फावडं आपटणाऱ्यानं ते खाली टेकवलं.

“मला कधी सांगितलं नाहीत हे,” ग्रंथपाल म्हणाले.

“तुम्ही कधी विचारलं नाहीत.”

मग ग्रंथपालांनी कव्हर काढलं, त्याची नीट घडी घातली आणि गाडीच्या मागे जाऊन दोन्ही हात टेकले. एकटेच. गाडी जागची हलली नाही. ते पाहून टोळी आली, आणि स्वतःच्या गाड्या न हलवलेले शेजारीही खाली मान घालून आले. चौदा माणसांनी ती खड्ड्यातून वर काढली.

खाली गाडीएवढाच जुना रस्ता होता, भावानं पाहिलेला. आणि त्यात झाकण! ते उघडलं तेव्हा प्रत्येक घराचं काही ना काही निघालं. कोणाच्या कुंडीतली माती, कोणाच्या अंगणातला पाला, कोणाची दुधाची पिशवी. शेवटी कापडाचा एक भलामोठा गोळा आला.

“थांबा,” वहिनी खिडकीतून म्हणाल्या. “ते चौकड्याचं कापड माझं आहे. मीच कातरणं गटारात झाडत होते.”

कोणी हसलं नाही. प्रत्येकानं आधी आपलं ओळखलेलं होतं.

दुपारपर्यंत सगळ्या गाड्या हलल्या. पांढरी गाडी तंत्रशाळेला गेली; तिथली मुलं तिचं इंजिन उघडून शिकतात, आणि ते त्यांना अजून परत जोडता आलेलं नाही. पावसाळ्यात पाणी गल्लीतून सरळ निघून गेलं, कोणाच्या दारात थांबलं नाही. ग्रंथपालांनी मशीनखालच्या विटा एकेक करून काढल्या. बॅग परत कॉटखाली गेली, ती वहिनींनी स्वतः सरकवली. आता त्यांची कातरणं पोत्यात जातात, आणि दर शनिवारी ग्रंथपाल घरासमोरच्या गटाराच्या जाळीवरचा पाला उचलतात.

नागरिकहो, रस्ता दुरुस्त करणं खात्याचं काम आहे, पण तो त्यांच्या हाती मोकळा देणं आपलं आहे. वर्षातून एक दिवस गाडी हलवायची, कचरा गटारात लोटायचा नाही, आणि नोटीस आपल्याच फाटकावरची वाचायची. यापेक्षा जास्त कोणी मागत नाही. ‘सकाळी बाजूला घेतो’ असं म्हणणाऱ्या एका माणसाला ती सकाळ मिळाली नाही. आपल्याला रोज मिळते.