भुजंगचं शेवटचं मडकं

सटवाजीला आंबट म्हटलं की अंगावर काटा यायचा. ताकातसुद्धा साखर घालणारा माणूस, आणि घरचा धंदा मात्र शिंदीचा! पालमच्या अलीकडे ओढ्याकाठी त्यांची झाडं होती. धाकटा भाऊ भुजंग झाडावर चढून मडकी बांधायचा, सटवाजी खाली बसून विकायचा. नुसतं शेंड्याकडे बघितलं तरी त्याला घेरी यायची. पहाटेची गोड शिंदी तो घोटभर घेई. ऊन चढून ती फसफसली की तोंड फिरवी. भुजंगला हवी आदल्या दिवशीची, नाकाला झोंबणारी. "दादा, तू सरबत पितूस," म्हणत तो खदखदा हसायचा.

दोर तुटला आणि भुजंग जागीच गेला. सटवाजीच्या बायकोने, मनकर्णेने, त्याच दिवशी नवऱ्याकडून झाडावर न चढण्याचा शब्द घेतला. तो रडता रडता म्हणाला, "येडी हायस का? माझ्यानं शिडी चढवत न्हाई."

त्यांच्या घराण्यात रीत होती. मेलेल्याने उतरवलेलं शेवटचं मडकं दहाव्याला भावकीने वाटून प्यायचं, थेंब ठेवायचा नाही. पण विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळीकडे बंद, एसटी जागच्या हलेनात. गंगाखेडची भावकी येणार कशी? अख्खं मडकं सटवाजीच्या पदरात पडलं.

"वता की वढ्यात. कोन बघायलंय?" मनकर्णा म्हणाली.

"भुजंग बघायलाय," म्हणत त्याने नाक दाबून मडकं तोंडाला लावलं.

पहिल्या घोटाला त्याचं तोंड असं वाकडं झालं, की त्या दुःखातही तिला हसू आलं. दुसरा घोट त्याने जिभेवर धरला. तिसऱ्याला नाक सोडलं.

"लय ब्येस हाय गं," तो हळूच म्हणाला. "आदी कच्च्या बोरावानी लागती, अन् मागून कुटंतरी गूळ. मला कसं कळलं न्हाई?"

त्याने मडकं रिकामं केलं आणि डावं बोट फिरवून तळ चाटला. डावरा होता तो भुजंग.

सकाळी त्याने चहा दूर सारला. "गोड लागायलाय." जेवताना डाव्या हाताने चिंच मागितली. ती घाबरून शेजारच्या म्हाताऱ्या बायनाबाईकडे धावली. म्हातारीने कपाळावर हात मारला. "वाटून प्यावं लागतं गं, बाई. समदा भुजंग एकट्याला कसा झेपंल?"

मग मनकर्णा हट्टालाच पेटली. भाकरीबरोबर गूळ, ताकात साखर, चहात दुप्पट साखर. एवढा एक गोड घोट त्याला आवडला की आपला माणूस परत येईल, असं तिने मनाशी घट्ट धरलं होतं. तो ताटली बाजूला सारायचा.

एका दुपारी ती ओढ्यावरून धुणं घेऊन येत होती. शिंदीच्या झाडांतून कोयत्याचा आवाज आला. तिने वर बघितलं. शेंड्यापाशी सटवाजी होता, कमरेला दोर नाही, कोयता डाव्या हातात. अंगावर तिनेच धुतलेलं धोतर.

ओरडलं तर दचकून पडेल. तिने मायेने हाक मारली, "अवो, खाली या. च्या ठिवलाय. गोड."

त्याने खाली बघितलं आणि खदखदा हसला.

"च्या दादाला द्या, वैनी."