तुरटीचं पाणी

पार्वतम्माला सुनेची एकच गोष्ट सलत होती. सासू उन्हातून आली तर तांब्या पुढं करायचं भान नाही, पण काचेच्या पेटीतल्या माशाला मात्र पाणी पारखून! कागदाची चिंधी बुडवायची, रंग बघायचा, मान डोलवायची. लिंगायताच्या ज्या घरात अंडंसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलं नाही, तिथं चार मिशांचा मासा बैठकीत मिरवून राहिला होता.

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर आला, त्याची गाडी आली, पाणी तेवढं आलं नाही. टँकर चौथ्या दिवशी. आणि सून इंदूबाईसाहेब माशासाठी शेजारच्या सरजाबाईच्या आडाची निराळी बादली आणायच्या. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही, ते पाणी! आणि तेही सरजाबाईच्या दारातून, जिच्याशी पार्वतम्मा टँकरच्या रांगेवरून संक्रांतीपासून बोलत नव्हती.

मासा इंदूच्या वडिलांचा होता. हे पंचाक्षरी नांदेडला स्टेशनात पार्सलच्या कामावर होते. त्यांनी तो नऊ वर्षं पोसला. ते गेले तेव्हा इंदूनं त्याला दुधाच्या किटलीत घातलं, किटली मांडीवर धरली आणि एसटीनं लातूरला आणलं. आता वडिलांच्या वर्षाच्या कार्याला ती नवऱ्याबरोबर नांदेडला गेली होती. जाताना म्हणाली, "आत्याबाई, दोनच दिवस. चिमूटभर दाणे टाका. पाण्याला हात लावू नका."

हात लावू नका! जसे काही सासूचे हात खरकटेच.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पार्वतम्मानं हात लावला. पेटीतलं पाणी उन्हाळ्यानं चार बोटं आटलं होतं, पिवळट दिसत होतं. शिळं पाणी घरात ठेवायचं नाही, ही तिच्या सासूची शिस्त. तिनं निम्म्याहून जास्त पाणी उपसून परसातल्या बेलाला घातलं आणि टँकरच्या पिंपातलं ओतलं. त्या पिंपात तिनं स्वतः तुरटी फिरवली होती. गाळ हट्टी होता, म्हणून पाच-सात फेऱ्यांच्या जागी चांगल्या तीस. पाणी कसं आरशासारखं!

"आता बस राजासारखा," ती माशाला म्हणाली.

घटकाभरात मासा उधळला. एरवी तळाच्या वाळूत मिशा खुपसून बसणारा तो काचेला धडका देऊ लागला. वर यायचा, तोंड वासायचा, परत खाली. मग एका कुशीवर कलला. कल्ले नुसते भात्यासारखे.

पार्वतम्मा धावत फडताळाकडं गेली. तिनं इंदूची कागदाची डबी काढली. डबीवर रंगांच्या पट्ट्या होत्या, हिरव्यावर पेन्सिलीची खूण होती. कागद हिरवा व्हायला पाहिजे, एवढं तिनं रोज बघितलेलं. कागद बुडवला. केशरी! दुसरा बुडवला. तोच रंग. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं, आणि तुरटीच्या आंबटानं जीभ ओढल्यासारखी झाली.

"सिद्धेश्वरा," ती भिंतीला टेकली. संध्याकाळच्या एसटीनं लेक बापाचं कार्य करून येणार, आणि घरात बापाचा मासा मरून पडलेला. मारला कुणी? सासूनं.

आंबटाला उतारा चुना, एवढं तिला बिनशाळेचं ठाऊक होतं. चंचीतून डबी काढून तिनं बोटभर चुना घेतला, पाण्यावर नेला. तेवढ्यात सुनेचं बोलणं आठवलं. इंदू एकदा म्हणाली होती, "आत्याबाई, पाणी जरा वाईट असलं तर मासा सोसतो. एकदम बदललं की मरतो. आडाच्या पाण्यात क्षार हाय, ते पाणी कागदाचा रंग हलू देत न्हाई." तेव्हा पार्वतम्मा फिस्सकन हसली होती. "मासा हाय का जावई गं?"

तिनं चुना पदराला पुसला आणि कळशी उचलली.

सरजाबाई दारातच तूर निवडत होती. "कोण, पार्वतम्मा? का कर्नाटकातून कुणी पाव्हणी आली?"

"कळशीभर पाणी पायजे."

"आमचं पाणी डाळीला चालत न्हाई म्हणून गल्लीभर सांगितलंत की."

"डाळीला न्हाई. माशाला." तिचा आवाज फाटला. "सरजे, मरून राहिलाय गं तो. माझ्या हातानं."

सरजाबाईनं सूप खाली ठेवलं. पोहरा सोडला. सगळा दोर संपला तेव्हा कुठं पाणी लागलं.

मग पार्वतम्मा पेटीपाशी बसली. एक पेला पाणी काढायचं, एक पेला आडाचं घालायचं, काचेच्या कडेनं, धार अंगठ्यावर घेऊन. मग थांबायचं. थांबणंच जीव खात होतं. हात म्हणायचा ओत सगळी कळशी, संपव एकदाचं. ती हात मांडीखाली दाबून बसायची. दुपारी मासा हलेना. कल्लेही दिसेनात. ती काचेला नाक लावून बघत राहिली, स्वतःचा श्वास काचेवर धरला की पुसायची, परत बघायची. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग एक मिशी हलली. पार्वतम्माला रडू फुटलं. मासा खाणारी माणसंसुद्धा माशासाठी एवढी रडली नसतील.

इंदू आली तेव्हा फरशीवर अकरा कागद वाळत पडले होते, केशरीपासून पिवळ्यापर्यंत.

"आत्याबाई? पाणी कुणी—"

"मी. तुरटीचं घातलं. सकाळी."

इंदू पिशवीसकट खाली बसली. तिनं बारावा कागद बुडवला. पिवळ्याला हिरवी झाक होती. मासा वाळूत सरळ बसला होता, पण कल्ले अजून घाईनं चालले होते.

"जगंल का?" पार्वतम्मानं विचारलं.

"उद्यापर्यंत टिकला तर." इंदूचे डोळे भरले. "हात लावू नका म्हणलं होतं ना मी? जाताना दादांच्या माशासाठी तेवढं एकच मागितलं होतं."

पार्वतम्मानं पेला भरला, धार अंगठ्यावर घेतली आणि सुनेकडं न बघता बोलली.

"गुन्हा माझा. नव्वद टक्के माझा, गल्लीत उभी राहून सांगीन. पण धा टक्के कसूर तुझीबी हाय, इंदू. येकदा समजावलंस, म्या थट्टा केली, अन् तू गप बसलीस. म्हातारीला काय सांगायचं म्हणून वर्षभर या घरात येकटीच शहाणी राहिलीस. दुसऱ्यांदा सांगायचं व्हतं. भांडून सांगायचं व्हतं! आता रडू नको. सरक, अन् किती थांबून पुढचा पेला घालायचा ते नीट सांग मला."